श्वार्ट्झ यांचा हात

अंजनवेलच्या माणसाला मराठेशाही म्हटले की गोपाळगड आठवतो: तट, खंदक, खाली दाभोळची खाडी. तंजावरच्या भोसल्यांची मराठेशाही पाहायला मात्र एका चर्चमध्ये जावे लागते. शिवगंगा तळ्याजवळच्या, १७७९ साली बांधलेल्या त्या चर्चमध्ये पांढऱ्या संगमरवरात कोरलेला एक प्रसंग आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी तो लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतला, ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ. श्वार्ट्झ हे प्रशियातले, १७५० साली तरंगंबाडीला आलेले ल्यूथरपंथी मिशनरी.

श्वार्ट्झ अखेरच्या शय्येवर आहेत. मागे त्यांचे सहकारी गेरिके, एका बाजूला शाळेची मुले, दुसरीकडे कारभाऱ्यांसह विशीतले सरफोजी. राजाने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आहे. सगळे शिल्प त्या हातांपाशी येऊन थांबते. आशीर्वाद देणारा आडवा, घेणारा उभा. तरी आधार कोण कोणाला देतो आहे, हे ठरवता येत नाही. फ्लॅक्समनने हिंदुस्थान पाहिला नव्हता. तरीही राजाची अदब आणि माया त्याने एकाच वाकण्यात पकडली, ही मला या शिल्पाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

त्या हातामागे वर्षांचे ओझे आहे. १७८७ मध्ये तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेला हा पोर श्वार्ट्झ यांच्या हवाली झाला. गादी मात्र तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. मुलाच्या जिवाची, शिक्षणाची, हक्काची काळजी श्वार्ट्झ वाहत राहिले. त्याला मद्रासला नेले, कंपनीकडे त्याची बाजू मांडली. भिक्षूची प्रार्थना जितकी देवसेवा, तितकेच आईचे, कारागिराचे, राज्यकर्त्याचे नेकीने केलेले काम, असे मार्टिन ल्यूथर शिकवत. परक्याच्या मुलाला वाढवणे हे श्वार्ट्झ यांचे असे काम होते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते गेले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

आणि सरफोजी हिंदूच राहिले. आज मिशनरी म्हटले की पहिला प्रश्न धर्मांतराचा निघतो. हे शिल्प त्याच्याही पलीकडचे नाते दाखवते. श्वार्ट्झ यांनी आपली श्रद्धा झाकली नाही, राजाने आपली सोडली नाही, आणि शिल्पात कोणाचेही वेगळेपण पुसलेले नाही. थडग्यासाठी राजाने स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. त्यांत तो श्वार्ट्झ यांना पिता म्हणतो.

शिल्पातल्या त्या शाळकरी मुलांकडे पाहणारा सहसा शेवटी वळतो. मला तीच महत्त्वाची वाटतात. सरफोजींनी पुढे नवविद्या कलानिधी शाळा काढल्या, छापखाना घातला. लंडनमध्ये हा संगमरवर घडत होता त्याच सुमारास, १८०६ मध्ये, तंजावरच्या त्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ छापून झाले.