तोफेची अर्धी गोष्ट

भातकुलीच्या माणसाने आरमारी तोफांवर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. आमच्याकडे समुद्राचे म्हणून काय आहे, तर विहिरीच्या पाण्यातला खारटपणा! तोफ पाहायची तर वऱ्हाडचा माणूस नरनाळ्यावर जातो, नऊगजी तोफ हातांनी मापतो आणि समाधानाने उतरतो. मापे घेण्याची हीच सवय त्याच्याबरोबर जंजिऱ्यालाही जाते. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात शिरावे, बुरुजावर कलालबांगडी पाहावी, वजन नि पल्ला ऐकावा (पल्ला दरवर्षी वाढतो असे वाटते), नळीवर मूल बसवून छायाचित्र घ्यावे, की झाले दर्शन.

माझी तक्रार आहे ती या रीतीविषयी. नळी म्हणजे तोफ नव्हे. शिडाच्या जहाजावरची तोफ चार लहान चाकांच्या लाकडी गाड्यावर असे. बार उडाला की गाडा मागे धावे. जाड दोरखंड त्याला अडवी. तोंडातून भरायची तोफ अशी आत आली, की दहाबारा माणसे तिच्यावर तुटून पडत, ती पुसत, भरत आणि पुन्हा पुढे ओढत. म्हणजे तोफेचे बळ निम्मे धातूत आणि निम्मे माणसांच्या तालात. पोर्ट्‌स्मथला १८०५ च्या ट्रफाल्गार लढाईतले, १०४ तोफांचे ‘व्हिक्टरी’ जहाज जपले आहे. तिथल्या पुष्कळशा तोफा आज प्रतिकृती आहेत. तरीही त्या जागच्या जागी, गाड्यावर, दोरखंडासह उभ्या आहेत, आणि खलाशी त्यांच्यामध्येच जेवत नि झोळ्या टांगून निजत, हे तिथे उमगते. चौथऱ्यावर मांडलेल्या अस्सल नळीपेक्षा ही नक्कल मला अधिक खरी वाटते.

आपल्याजवळ असे संपूर्ण जहाज होते. ‘विक्रांत’वर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स विमानवेधी तोफा होत्या, पण १९७१ च्या डिसेंबरात चितगाव आणि कॉक्स बाझारवर तिने मारा केला तो विमानांनी. तोफेचा जमाना कसा सरला, ते तिच्या डेकवर उभे राहून मुलांना दाखवता आले असते. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून खुली होती, २०१२ मध्ये ती बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ मध्ये मोटारसायकलींत आला! जहाज राखायला पैसा लागतो, हे खरे. पण नळ्यांची वजने पाठ करणाऱ्या समाजाला जहाज मोडल्याचे फारसे दुःख झाले नाही, यात मला नवल वाटत नाही.

दीवला २०२३ पासून ‘खुकरी’ ही युद्धनौका पाहण्यासाठी ठेवली आहे. तिच्यावरची ७६ मिलिमीटरची तोफ आपोआप भरली जाई. सुटीत तिकडे जाणाऱ्यांनी पल्ला मागाहून विचारावा. खालच्या कोठारातून गोळे वर कसे येत, ते आधी विचारावे.