गड जिंकला, आता सांभाळा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात राक्षस मारण्याचे नियम पानोपानी सापडतात. राज्य चालवण्याचे नियम मात्र पन्नास वर्षं झाली तरी ऐच्छिकच आहेत. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नवव्या पातळीच्या योद्ध्याने गढी बांधून आसपासचा मुलूख साफ केला, की दर माणशी महिन्याला ७ चांदीची नाणी त्याच्या खिशात. रयतेने कर बुडवला तर काय, ते डन्जन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आपल्या अकलेने ठरवायचं.

फ्रँक मेंट्झर यांच्या १९८४ च्या ‘कम्पॅनियन सेट’ने कुटुंबागणिक उत्पन्न मोजलं आणि रयतेचा विश्वासही आकड्यात मांडला. पाऊल पुढचं होतं, पण हाती आली ती खतावणीच. २०१० च्या ‘किंगमेकर’ या मोहिमेची गतही तीच. अर्थव्यवस्था, निष्ठा, स्थैर्य असे तीन आकडे दर महिन्याला जुळवायचे. एक जण बेरजा करतो, बाकीचे मोबाइल बघत बसतात.

खरी अडचण तिथेच आहे. टेबलाभोवती पाच जण आणि सिंहासन एक. हे ओळखलं १९९५ च्या ‘बर्थराइट’ने. तिथे प्रत्येक पाळी तीन महिन्यांची असते, आणि एकाच प्रांतात कायदा, देऊळ, व्यापारी संघ आणि जादूचे स्रोत यांची सत्ता वेगवेगळ्या हातांत असू शकते. राजाला चोर पकडायचा असतो, पण व्यापारी संघ त्या चोराच्याच पैशावर उभा. माझ्या मते या प्रकारातले हे आजवरचे सर्वांत शहाणे नियम.

आपल्याकडे हे शहाणपण कागदावर यायला १९९५ उजाडावं लागलं नव्हतं. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनीसाकडे, धान्य-दारूगोळ्याचा साठा कारखानीसाकडे. एकाला फितूर व्हायचं तर बाकीच्यांची अडचण. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात तर वतनदारांवर वेगळं प्रकरणच आहे. ही माणसं राज्याची छोटी वाटेकरी, त्यांना तोडूनही चालत नाही आणि मोकळं सोडूनही नाही. असा वतनदार मला एकाही नियमपुस्तकात भेटलेला नाही. तिथे मांडलिक असतात ते एकतर आज्ञाधारक किंवा बंडखोर.

नाशिकजवळचा रामशेज किल्ला पाहा. १६८२ मध्ये मुघलांनी वेढा घातला आणि गड काही वर्षं झुंजला. तोफा नव्हत्या म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या, कातड्याने मढवलेल्या तोफा चालवल्या, असं मुघल इतिहासकार खाफीखान सांगतो. गड शेवटी गेला तो तोफांनी नव्हे. पुढच्या किल्लेदाराला लाच देऊन. तटबंदीची मजबुती मोजणाऱ्या नियमांत रामशेज कधीच पडणार नाही. किल्लेदाराचं मन मोजणाऱ्या नियमांत पडेल.

२०२४ च्या नव्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’ने बॅस्टियन आणलं. पाचव्या पातळीपासून प्रत्येकाला आपापला तळ, दर सात दिवसांनी हुकूम द्यायचे. सुटसुटीत आहे, कुणी कंटाळत नाही. पण त्यात राज्य नाही, आहे ते फार्महाऊस. प्रजाही नाही आणि भाऊबंदकीही नाही.

नाशिकमध्ये कुणी या खेळाची मोहीम चालवत असेल, तर त्याने पुढचा किल्ला तीन खेळाडूंना हवालदार, सबनीस, कारखानीस करून सोपवावा आणि लाचेचा निरोप तिघांपैकी एकालाच, गुपचूप द्यावा.