पक्षी वाढले की कान वाढले?

घरबसल्या दुर्मिळ पाहुणा पक्षी आढळल्याच्या बातम्या वसंतात हमखास छापून येतात. त्या वाचायला गोड लागतात. पण निरीक्षणाला किती वेळ दिला, हे त्यांत नसते. त्यामुळे विज्ञानाच्या दृष्टीने त्या अपुऱ्याच राहतात.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. २३ मार्च २०२० रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. घरात अडकलेले पक्षीनिरीक्षक रात्री अंगणात कान देऊन बसू लागले. काहींनी ध्वनिमुद्रक लावले. एप्रिलच्या आरंभी, समुद्रापासून दूरच्या गावांतही कॉमन स्कोटर या सागरी बदकाची शीळ अनेकांनी ऐकली. हिवाळा समुद्रावर काढून ही बदके विणीसाठी उत्तरेकडे परततात. जमिनीवरच्या भागात दिवसा ती क्वचितच दिसतात.

मग त्या वर्षी बदके वाढली होती का? तसे लगेच म्हणता येत नाही. त्यांचा हा रात्रीचा प्रवास जाणकारांना आधीपासून ठाऊक होता. त्या वर्षी ऐकणारे वाढले होते. शिवाय वाहने व विमाने थांबल्याने रात्री शांत होत्या. उलट, ब्रिटनच्या २०२१ च्या लाल यादीत हे बदक आहे. नोंदी वाढल्या म्हणून पक्षी सुखरूप आहे असे मानले, तर त्याच्या संरक्षणाकडेच दुर्लक्ष होईल.

२००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या संगणकीय नोंदसंग्रहाने यावर बराच उपाय केला आहे. तेथे निरीक्षणाचा कालावधी लिहिता येतो आणि ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, असेही विचारले जाते. त्यामुळे यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. तरीही एक उणीव उरते. ज्या रात्री काहीच ऐकू आले नाही, त्या रात्रीची यादी पाठवण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो.

आपल्याकडे वसंत हा पाहुण्यांच्या परतीचा काळ. भोरड्यांचे थवे साधारण एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघतात. शेवटचा थवा कोणता, हे पुढचे रिकामे दिवस नोंदल्याशिवाय ठरतच नाही. म्हणून विद्यार्थ्यांना मार्च ते मे रोज एकाच खिडकीतून, ठरल्या वेळी, दहाच मिनिटे पाहायला सांगावे. भोरडी दिसली नाही, तर वहीत शून्य लिहायला लावावे. दुर्मिळ पक्ष्याला शाबासकी मिळतेच. या शून्यालाही गुण द्यावेत.