‘बेट’ या संज्ञेची मर्यादा : भोर-वेल्ह्याचे डोंगरमाथे आणि उंदरांची विलगता

सिंहगडाच्या माथ्यावरील मऊ केसांच्या उंदराचे वर्णन मिश्रा व धांडा यांनी १९७५ साली ‘मिलार्डिया कोंडाना’ या नावाने केले. गडाचे जुने नाव अशा रीतीने प्राण्यास मिळाले. परंतु त्याबरोबर हा प्राणी त्या एका माथ्याचाच, जणू बेटावरचा, रहिवासी होय, ही समजूतही रूढ झाली. वस्तुतः नमुना मिळाल्याचे ठिकाण आणि वसतीची सीमा या दोन भिन्न गोष्टी होत. नजीकच वेल्हे व भोर या भागांत तोरणा, राजगड, रायरेश्वर असे उंच माथे असताना हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

बेटांवरील उंदरांच्या आनुवंशिक अभ्यासात विलगता समुद्राने सिद्धच केली आहे, असे गृहीत धरण्याचा मोह होतो. मदेइरा बेटाचे उदाहरण या गृहीतास छेद देते. तेथील घरगुती उंदरांत सहा वंश आढळले असून, एरवी ४० असणारी गुणसूत्रांची संख्या जोडणीमुळे २२ ते ३० पर्यंत उतरली आहे. माणसाबरोबर उंदीर तेथे पोहोचल्यानंतर सुमारे हजार वर्षांत हे घडले. आणि वंशांना परस्परांपासून तोडले ते बेटातीलच उभ्या डोंगरांनी.

भोर-वेल्ह्यात तोडण्याचे काम दऱ्यांकडे येते. पण सर्व माथे सारखेच तुटलेले नाहीत. राजगड व तोरणा एका डोंगरधारेने जोडलेले आहेत. सिंहगड व राजगड यांमध्ये गुंजवणीचे खोरे आहे. रायरेश्वराकडे जाताना वेळवंडी व नीरा यांची खोरी आडवी येतात. पैकी वेळवंडीवर १९२० च्या दशकात भाटघरचे धरण पुरे झाले. या माथ्यांवर एकच जाती नांदत असेल, तर धारेने जोडलेल्या माथ्यांत भेद अल्प आणि खोऱ्यांपलीकडे अधिक दिसला पाहिजे. तसे न दिसल्यास बेटाचे रूपक येथे लागू नाही, असे मानणे प्राप्त होते.

मात्र केवळ माथ्यांवरचेच नमुने घेतल्यास ही कसोटी व्यर्थ ठरते. बोलींच्या पाहणीत दोन टोकांची गावे घेऊन मधली वगळली, तर पावलागणिक बदलत गेलेली एकच बोली दोन बोली म्हणून नोंदली जाते. उंदरांचेही तसेच होय. तद्वत् केवळ मातेकडून येणाऱ्या तंतुकणिकांतील डीएनएवर विसंबल्यास माद्यांचा संचार तेवढा कळतो. नरांचा प्रवास नोंदीबाहेर राहतो.

हा वाद केवळ संज्ञेचा नाही. माथे खरोखर विलग असतील, तर एका माथ्यावरील वस्ती नष्ट झाल्यास ती बाहेरून भरून येणार नाही. ते जोडलेले असतील, तर गडाइतकीच मधली धारही राखावी लागेल. रूपक आधी आणि मोजणी मागाहून, या क्रमाने यांपैकी कोणताच निर्णय करता येणार नाही.