बालविकासाचा अभ्यासक्रम आणि साताऱ्याची 'नकोशी' : एक चिकित्सा

'बालविकास व कौटुंबिक संबंध' या विषयाचे अध्यापन आपल्या महाविद्यालयांत बहुधा एका तक्त्याने सुरू होते. एरिक एरिक्सन यांनी सांगितलेल्या मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था डावीकडे, त्या त्या अवस्थेतील संघर्ष उजवीकडे. विद्यार्थिनी तक्ता पाठ करतात, परीक्षेत तो विचारलाही जातो. हा तक्ता ज्या ग्रंथातून आला तो 'चाइल्डहूड अँड सोसायटी' (१९५०) मात्र सहसा उघडला जात नाही. त्यात साउथ डाकोटातील सू आणि क्लॅमथ नदीकाठचे युरोक या समाजांतील बालसंगोपनाचे सविस्तर विवेचन आहे. त्यासाठी एरिक्सन स्वतः त्या लोकांत गेले होते. आपण तक्ता घेतला आणि जाणे सोडले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

सातारा जिल्ह्यात शिकविताना हा आक्षेप अधिक बोचतो. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे असलेल्या २८५ मुलींचे शासकीय पुढाकाराने नामांतर झाले. लागोपाठ मुली झाल्यावर पुढच्या मुलीचे नाव असे ठेवले की नंतर मुलगा होतो, ही त्यामागील समजूत. २००१ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ९१३, साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ होती. या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले, तर नकोशी ही निदान जन्मू दिली गेलेली मुलगी ठरते.

आता तक्त्याकडे वळू. पहिली अवस्था विश्वास विरुद्ध अविश्वास. मुलाची आबाळ झाली की अविश्वास निर्माण होतो, असे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण. नकोशीची आबाळ झालीच असेल असे नाही. आईने तिला पाजलेले असते, आजीने तेल लावून न्हाऊ घातलेले असते. आणि त्याच माणसांनी दिवसभर तिला त्याच नावाने हाक मारलेली असते. माया आणि नकार एकाच तोंडून येतात. हा अनुभव कोणत्या रकान्यात घालावा? पुढे शाळेच्या हजेरीत ते नाव रोज चारचौघांत पुकारले जाते, तेव्हा एरिक्सन यांच्या चौथ्या अवस्थेतील न्यूनत्वाचा प्रश्न उभा राहतो. 'स्व-संकल्पना' या घटकात याची चर्चा अपरिहार्य होती. प्रस्तुत लेखिका जी पुस्तके वर्षानुवर्षे शिकवीत आली, त्यांत ती आढळली नाही. आणि तिनेही बराच काळ ती स्वतःहून केली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

कुटुंबप्रकारांचे तेच. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत. प्रात्यक्षिकाची प्रश्नावली भरताना एका विद्यार्थिनीने विचारले, ''मॅडम, वडील केरळात, आई आणि धाकटा भाऊ त्यांच्याजवळ, मी आजीपाशी गावाकडे. आमचं कुटुंब संयुक्त की विभक्त?'' प्रश्नावलीत दोनच चौकोन होते. तिने दोन्हींवर खूण केली. मी त्या वेळी एक खोडायला लावली.

इरावती कर्वे यांचा भारतातील नातेसंस्थेवरील ग्रंथ (१९५३) एरिक्सननंतर तीनच वर्षांनी आला. तो समाजशास्त्राच्या वर्गात राहिला. बालविकासाच्या वर्गात तो यायला हवा. मात्र त्यातही मूल येते ते नात्यातील एक स्थान म्हणून, त्यामुळे तेवढ्याने भागणार नाही. एरिक्सन यांचा तक्ता टाकून द्यावा असेही माझे म्हणणे नाही. तो घेऊन एखाद्या घराच्या ओसरीवर बसावे, आणि कोणता रकाना अपुरा पडतो ते विद्यार्थिनींनीच लिहावे.

नामांतराच्या वेळी काहींनी देवतांची, काहींनी सिनेतारकांची नावे घेतली. समारंभानंतर घरी कोणत्या नावाने हाक मारली गेली, हा आमच्या विषयाचा प्रश्न होता. त्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत; काहींची मुले अंगणवाडीतही जात असतील. तेथील नोंदवहीत आईचे नाव नवे असेल. माहेरी अजून कोणते चालते, ते तिला भेटूनच विचारावे लागेल.