‘टॉपिक मिळाला का?’ : मसदारचे प्रबंध आणि त्यांच्यावरचं एक पुस्तक

मराठीत संशोधनाचा विषय ‘मिळतो’. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्या मुलीला घरीदारी विचारलं जातं, ‘टॉपिक मिळाला का? गाइड कोण?’ होस्टेल मिळतं, नंबर लागतो, तसा टॉपिक मिळतो. यात नवल काही नाही. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितल्यानंतर आपल्याकडे जी प्रकल्पवही आली, ती पुष्कळ ठिकाणी मागच्या बॅचच्या वहीवरूनच भरली जाते. ‘आपल्या परिसरातील जलप्रदूषण’ हे शीर्षक तेच, पानांवरची चित्रं फक्त नवी.

परदेशात आल्यावर क्रियापद बदलतं. इथे आपण विषय ‘निवडतो’, सुपरवायझर ‘मार्गदर्शन’ करतो. हा बदल खरा किती आणि बोलण्यापुरता किती, हे तपासायला माझ्या माहितीतलं सगळ्यात उपयोगी पुस्तक अबू धाबीबद्दल आहे : मानववंशशास्त्रज्ञ गोक्चे ग्युनेल यांचं ‘स्पेसशिप इन द डेझर्ट’ (ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेस, २०१९). ते मसदार सिटीवरचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं. मला ते पर्यावरणातल्या मास्टर्स प्रबंधावरचं पुस्तक वाटतं आणि तसंच वाचायला हवं असंही वाटतं.

थोडी पार्श्वभूमी. अबू धाबी सरकारने २००६ साली ‘मसदार’ची घोषणा केली. वाळवंटात साधारण सहा चौरस किलोमीटरवर शून्य कार्बन, शून्य कचऱ्याचं, गाड्यांशिवायचं शहर उभं राहणार होतं. आराखडा फॉस्टर अँड पार्टनर्स यांचा, वस्ती सुमारे ५०,००० आणि मुदत २०१६. या शहराचा मेंदू म्हणून एमआयटीच्या सहकार्याने मसदार इन्स्टिट्यूट निघालं. पहिले विद्यार्थी २००९ साली आले, पहिली पदवी २०११ साली दिली गेली. फी माफ, राहायला जागा, वर विद्यावेतन. अट एवढीच की दोन वर्षांत, सुपरवायझरच्या हाताखाली, प्रबंध पूर्ण करायचा. विषय पाणी, ऊर्जा, पदार्थविज्ञान, प्रणालींचं व्यवस्थापन असे. एकूण मामला इंजिनियरिंगचा. शहराची मुदत पुढे सरकत राहिली आणि २०१७ साली इन्स्टिट्यूट खलिफा विद्यापीठात विलीन झालं. ग्युनेल तिथे २०१०-११ च्या सुमारास होत्या, म्हणजे इमारती अर्ध्या उभ्या आणि विद्यार्थी पहिल्या तुकड्यांचे. पुस्तकाचं नावही एका विद्यार्थ्याच्या वर्णनातून आलंय : इथे राहणं म्हणजे वाळवंटातल्या अवकाशयानात राहणं.

ग्युनेल यांची मध्यवर्ती कल्पना आहे ‘टेक्निकल अ‍ॅडजस्टमेंट’. मी तिला तांत्रिक डागडुजी म्हणेन. आजची रचना, आजच्या सवयी, आजची मालकी आहे तशीच ठेवून पुढच्या काळात नेता यावी म्हणून केलेली दुरुस्ती, असा तिचा अर्थ. चालकाशिवाय धावणाऱ्या छोट्या गाड्या (शहरभर फिरणार होत्या, धावल्या त्या वाहनतळापासून इन्स्टिट्यूटपर्यंत), ‘एर्गोस’ नावाचं ऊर्जेचं चलन, कार्बन पकडून जमिनीखाली साठवणं, ही त्यांची उदाहरणं. प्रत्येक ठिकाणी हुशार माणसं मन लावून काम करताहेत आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न मुळात एवढाच का, हे विचारायला कोणाला सवड नाही.

इथवर ग्युनेल यांचं. त्या एक गोष्ट स्पष्ट म्हणत नाहीत, पण त्यांचं पुस्तक वाचताना ती मला दिसली : तांत्रिक डागडुजी आणि दोन वर्षांचा मास्टर्स प्रबंध यांचं माप एकच आहे. दोन वर्षांतलं पहिलं सत्र कोर्सवर्कमध्ये जातं, शेवटचे चार महिने लिहिण्यात. उरलेल्या वर्षभरात काय होऊ शकतं? एखादं यंत्र पाच टक्क्यांनी सुधारणं, एखादं मॉडेल दुसऱ्या डेटावर चालवणं, एका गोष्टीच्या आधी आणि नंतर मोजमाप घेणं. म्हणजे डागडुजीच. विद्यार्थी भित्रे असतात किंवा सुपरवायझर विकले गेलेले असतात म्हणून असं होत नाही. पैसा ज्या करारातून येतो, त्या करारालाही दर सहा महिन्यांनी दाखवण्याजोगं काहीतरी हवं असतं. पुस्तकाचं दुसरं प्रकरण सुंदर इमारती आणि संशोधनाचे करार यांना शेजारी ठेवतं ते उगाच नाही. दोन्ही फोटोत चांगले दिसतात.

धुळीचं उदाहरण घ्या. मसदारजवळ २००९ साली १० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. वाळवंटात पॅनलवर धूळ बसते आणि वीज घटते, हे कोणालाही कळेल. पण किती धुळीने किती घट, दवामुळे ती कशी चिकटते, कोणतं लेपन टिकतं, किती दिवसांनी धुवावं, यावर प्रबंधांची रांग लागू शकते आणि सगळे प्रबंध चांगले असू शकतात. मी उपरोधाने म्हणत नाहीये. हे पॅनल आधी हातानेच पुसले जात. पुसणारी माणसं आखातात बहुधा आपल्याच उपखंडातली असतात. उन्हाळ्यात इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. तर पुसायचं केव्हा, किती तास, त्या तासांत अंगाचं तापमान किती चढतं? तीच धूळ, तोच पॅनल, थर्मामीटरने मोजता येईल असाच प्रश्न. पण तो इंजिनियरिंगच्या कुठल्या विभागात बसवायचा?

दुसरं उदाहरण माझ्या जवळचं. मी अबू धाबीत पोस्टडॉक करते, तिवरांच्या चिखलातल्या कार्बनवर. तिवर म्हणजे ‘अविसेनिया मरिना’. ठाणे खाडीत, ऐरोलीला जे झाड पुलावरून दिसतं तेच. इथे खाऱ्या, उष्ण पाण्यात खुजं राहतं, एवढाच फरक. अमिरातीने २०३० पर्यंत दहा कोटी तिवरं लावायचं जाहीर केलंय. त्यामुळे इथे या झाडाबद्दलचा पहिला प्रश्न असतो : हेक्टरी किती टन कार्बन? ठाणे खाडीत त्याच झाडाखाली उभं राहिलात तर कोळी बांधव पहिल्यांदा कार्बनचं विचारणार नाहीत. ते निवट्या आणि चिंबोऱ्यांचं विचारतील, भराव कुठवर आला ते विचारतील. एकच झाड, दोन प्रश्न. आणि कोणता प्रश्न ‘पर्यावरणशास्त्र’ ठरतो ते झाड ठरवत नाही. आखातातही तिवरं उंटांचा चारा होती, जळण होती, लाकूड होती. ती माहिती इथल्या प्रबंधात आली तर बहुधा प्रस्तावनेच्या दुसऱ्या परिच्छेदात येते आणि तिथेच राहते.

माझ्या आत्ताच्या कामाचं शीर्षक मी यायच्या आधीच ठरलेलं होतं. त्याची मला खंत नाही, पोस्टडॉकला पगार ठरलेलं काम करण्याचाच असतो. मास्टर्सची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न घडवायला शिकणं हाच अभ्यासक्रम असतो, आणि नेमका तोच भाग आधी उरकलेला असतो.

ग्युनेल यांच्याशी माझं पटत नाही ते पुढे. एक तर त्यांच्या मांडणीत डागडुजी जवळजवळ नेहमीच पळवाट ठरते. मोजमाप करणाऱ्या माणसाला हे मान्य करणं कठीण आहे. कार्बन साठवण्याबाबत त्यांचा संशय रास्त आहे : २०१६ साली अल रियादाह प्रकल्प सुरू झाला, त्यात पोलादाच्या कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि तो तेलक्षेत्रात सोडतात, म्हणजे आणखी तेल वर येतं. डागडुजीचं याहून चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. पण खारं पाणी गोडं करायला लागणारी वीज कमी करणं ही त्याच जातीची गोष्ट नाही. इथे नद्या नाहीत. नळाला येणारं पाणी मुख्यतः समुद्राचंच. तिथे पाच टक्के वाचले तर ते खरोखरच वाचतात. या दोन डागडुज्यांमधला फरक कसा ओळखायचा, हे पुस्तक सांगत नाही. आणि विद्यार्थ्याला अडतं ते तिथेच.

दुसरं म्हणजे, पुस्तकाच्या मध्यभागी विद्यार्थी, प्राध्यापक, व्यवस्थापक, सल्लागार आहेत. शहर बांधणारा आणि पुसणारा कामगार कडेला राहतो. यानाच्या आत राहून लिहिलेल्या पुस्तकात हे होणारच, असं म्हणता येईल. पण मग तीच मर्यादा त्या विद्यार्थ्यांनाही लागू होती, आणि त्यांच्याकडे परत जाऊन पुस्तक लिहायची मुभा नव्हती.

मुभेबद्दल बोलायचं तर एक गोष्ट टाळून चालणार नाही. डरहॅम विद्यापीठाचा पीएचडीचा विद्यार्थी मॅथ्यू हेजेस याला मे २०१८ मध्ये दुबई विमानतळावर अटक झाली. आरोप हेरगिरीचा, त्याने तो नाकारला. नोव्हेंबरमध्ये जन्मठेप झाली आणि आठवड्याच्या आत माफी मिळून तो सुटला. त्याचा विषय सुरक्षा धोरणाचा होता, पर्यावरणाचा नव्हे. तरी सुपरवायझर ‘मुलाखती नकोत, सॅटेलाइट डेटा घे’ म्हणतो तेव्हा त्यामागे नेहमी आळस किंवा निधीच असतो असं नाही. विद्यार्थ्याचा व्हिसा संस्थेवर अवलंबून असतो, आणि हे सुपरवायझरला विद्यार्थ्यापेक्षा जास्त नीट कळतं. चांगला सुपरवायझर हे तोंडावर सांगतो. बाकीचे ‘स्कोप मोठा होतोय’ म्हणतात.

मग जो प्रश्न इथे उभा राहून विचारता येत नाही तो सोडून द्यायचा का? २०१९ साली ‘कार्डिऑलॉजी’ या नियतकालिकात कतारमधल्या नेपाळी कामगारांच्या मृत्यूंवर एक निबंध आला. बंदना प्रधान आणि सहकाऱ्यांनी २००९ ते २०१७ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी नेपाळच्या सरकारी दप्तरातून घेतल्या, कारण परदेशी मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला भरपाई मिळते आणि तिची नोंद राहते. मग त्या महिनावार मांडून कतारच्या हवामानाशेजारी ठेवल्या. उन्हाळ्यात हृदयविकाराचे मृत्यू वाढतात हे त्यातून दिसलं. पद्धत म्हणाल तर मास्टर्सच्या विद्यार्थ्याला झेपेल अशी : दोन सारण्या आणि साधं संख्याशास्त्र. हीसुद्धा दोन वर्षांच्या मापातली गोष्ट आहे. फरक इतकाच की त्यांनी डेटा माहेरी शोधला.

आपल्यापैकी जे आखातात पर्यावरणाचं शिकताहेत त्यांना हा निबंध ग्युनेल यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचायला मी सांगेन. पुस्तक सलग वाचायची गरज नाही. दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा, मग चालकाशिवायच्या गाड्यांचं चौथं, मग कार्बनचं पाचवं. ‘एर्गोस’चं प्रकरण मला पसरट वाटलं, पण ज्यांना अर्थशास्त्रात रस आहे त्यांना आवडेल. आणि गाइडबरोबरची पहिली मीटिंग व्हायच्या आधी वाचा, कारण तिथून निघताना टॉपिक मिळालेला असतो.