विषुववृत्तीय आयनांबरातील एफ-3 स्तर : एक चिकित्सा

आयनांबराच्या एफ विभागात दिवसा एफ-1 व एफ-2 हे दोनच स्तर असतात, ही पाठ्यपुस्तकी मांडणी चुंबकीय विषुववृत्तालगत अपुरी पडते. तेथील जादा स्तराची उपपत्ती बालन व बेली यांनी 1995 मध्ये मांडली. आरंभी त्यास ‘जी’ म्हटले गेले. 1997 मध्ये रूढ झालेले ‘एफ-3’ हे नाव अधिक न्याय्य होय, कारण येथेही ऑक्सिजनचे अणुआयनच प्रमुख असतात.

दिवसा पूर्वाभिमुख विद्युत्क्षेत्र व उत्तराभिमुख चुंबकीय क्षेत्र यांच्या संयुक्त परिणामाने प्लाझ्मा वर उचलला जातो. चढलेला एफ-2 हाच एफ-3 होतो आणि त्याच्या जागी, खाली, सूर्यप्रकाशाने नवा एफ-2 घडतो. उन्हाळी गोलार्धातून विषुववृत्ताकडे वाहणारा वारा या चढणीस साहाय्य करतो.

उपपत्ती समाधानकारक आहे. आक्षेप आहे तो गणनेवर. एफ-3 ची कमाल घनता एफ-2 पेक्षा अधिक असेल तरच जमिनीवरील आयनोसोंडला तो दिसतो. घनता घटली, की स्तर वर असूनही आलेखातून नाहीसा होतो. तेव्हा केवळ अशा नोंदींवरून काढलेली वारंवारता स्तराच्या अस्तित्वाची नव्हे, दृश्यतेची ठरते. इंटरकॉसमॉस-19 या उपग्रहाने वरून घेतलेल्या नोंदींतही हा स्तर आढळला आहे. गणनेत त्यांना दुय्यम स्थान देणे समर्थनीय नाही.